स्वस्त औषधाला वाली कोण?

कर्करोगाने मरणारे बहुतेक रुग्ण मूळ गाठीने मरत नाहीत. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे फुप्फुसात, यकृतात, हाडात जाऊन ठाण मांडतात आणि तिथे माणूस हरतो. या पसरणाऱ्या पेशींना वाटेतच कसे अडवावे, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलने एक काम केले. त्याची चर्चा वस्तीवस्तीत व्हायला हवी होती. ती झाली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठ हलते, दाबली जाते. नेमक्या त्याच वेळी पेशी सुटण्याची भीती असते. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवती लिग्नोकेन टोचून पाहिले. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच हे औषध! पेशीच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारे असतात. कर्कपेशींच्या हालचालीला ती मदत करतात आणि लिग्नोकेन ती बंद करते, असा यामागचा तर्क. २०११ ते २०२२ या काळात देशातील ११ केंद्रांत १,६०० महिलांवर ही चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या शंभरातील ८६.४ महिला जिवंत होत्या, इंजेक्शन दिलेल्यांतील ९०.१. म्हणजे शंभरामागे जवळजवळ चार बायांचा जीव. दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिले नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. चाचणी इतरत्रही व्हावी. पण ती करणार कोण? लिग्नोकेनचे पेटंट केव्हाच संपले आहे. ज्यात नफा नाही, त्यासाठी कंपनी कशाला धावेल?

एकदा का पेशी निसटल्या की पुढचा खेळ पैशाचा होतो. त्या औषधाला दाद देईनाशा होतात. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिवेक २००१ साली बाजारात आले आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञांना आढळले की काही रुग्णांच्या पेशींनी आपले प्रथिन बदलून औषधालाच चकवले आहे. मग नवे औषध, त्याची नवी किंमत. ग्लिवेकचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर आणि तेच देशी औषध दहा हजारांच्या आसपास, अशी स्थिती होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून गरिबाचे औषध वाचले. दरवेळी न्यायालय धावून येईलच असे नाही.

लिग्नोकेनचा फायदा मात्र गाठ लवकर सापडली तरच. मोलमजुरी करणारी आमची बाई दवाखान्यात पोहोचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो; गाठ दुखत नाही, आणि एक दिवसाचा खाडा परवडत नाही. यावरही उत्तर मुंबईतच सापडले आहे. १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील दीड लाख महिलांवर झालेल्या अभ्यासात डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. त्यामुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

तेव्हा आमचा शासनाला सवाल आहे : जिल्हा रुग्णालयात स्तनाची शस्त्रक्रिया होते, तिथे हे इंजेक्शन देतात का? आणि आशाताईंना ही तपासणी कधी शिकवणार? कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी सिव्हिल सर्जनकडे निवेदन घेऊन जाताना हे दोन प्रश्न त्यात घालावेत, आणि उत्तर लेखी मागावे.