जागृती पुरे झाली

'लोकांमध्ये जागृती नाही हो, म्हणून निसर्गाची वाट लागली' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ऑफिसच्या कॅन्टीनपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत निदान एकच आणि औषधही एकच. अजून एक व्याख्यान, अजून एक पोस्टर स्पर्धा, अजून एक वृक्षारोपण (टी-शर्ट आणि फोटोसकट).

मला सांगा, जागृती कमी पडली कुठे? एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिकवायला सांगितलं. पुढे यूजीसीने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. म्हणजे आज तिशीच्या आसपास असलेले आपण बहुतेक सगळे तो पेपर पास होऊन बसलोय. ओझोनचा थर काय, अन्नसाखळी काय, सगळं पाठ! आणि घरामागच्या ओढ्याचं नाव विचारलं तर? 'ओढा? तो नाला ना?'

दोष आपल्या बुद्धीचा नाही. त्या माहितीवर आपल्याला काही ठरवायचंच नव्हतं. परीक्षा संपली, विषय संपला. माझं म्हणणं एवढंच आहे की जो शिकतो त्याच्याच हातात त्या जागेबद्दलचा निर्णय असेल, तरच निसर्गशिक्षणातून संवर्धन होतं. नाहीतर ती फक्त करमणूक. चांगली करमणूक, पण करमणूकच.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड आदिवासींचं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे तिथे एक साधी पद्धत रुजली, अभ्यास गट. जंगल असो, कायदा असो, विषय घेऊन बसायचं, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचं, भरपूर वाद घालायचा. पण निर्णय अभ्यास गटात नाही, तो ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांमध्ये. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हातात आले. हे कुणा पाहुण्याच्या स्लाइड-शोने झालेलं नाही. कित्येक वर्षं बसून केलेल्या अभ्यासाचं ते फळ आहे.

'ते आदिवासी गाव, वेगळी गोष्ट' असं म्हणणार असाल तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास घ्या. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायची आणि ती अंडी पळवली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे काम सुरू केलं, पण राखण केली ती गावातल्या माणसांना बरोबर घेऊन. पहाटे किनारा पालथा घालायचा, घरटं शोधायचं, अंडी कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि साधारण दीड-दोन महिने राखायची. जोडीला मोजणी आणि नोंदी. म्हणजे हाच वर्ग, हीच प्रयोगशाळा.

आता कुणीतरी म्हणणारच, 'अहो, त्यांना पर्यटनाचे पैसे मिळतात म्हणून!' मिळू देत की. तुम्ही आम्ही काय फुकट कोड लिहितो? पण तारखा बघा. काम २००२ चं आणि कासव महोत्सव २००६ चा. पाहुण्यांचे पैसे नंतर आले. आणि आले तेही घराघरांत जेवण-मुक्कामाचे, म्हणून टिकले.

याच्या उलट काय होतं, तेही बघू. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि महापालिकेलाही जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकांची जैवविविधता नोंदवही हवी. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी ज्या नोंदवहीचा पाठपुरावा केला तिची कल्पना फार सुंदर होती. गावानेच बसून लिहायचं. काय उगवतं, काय कमी झालं, का झालं, पुढे काय करायचं. झालं काय? वर्षानुवर्षं ढिम्म. मग हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख रुपये. आणि एकदम धडाधड नोंदवह्या तयार! आज देशात कागदावर अडीच लाखांहून जास्त आहेत. अनेक ठिकाणी कंत्राटी माणसांनी यादी उतरवली आणि ज्यांची वही त्यांना पत्ता नाही.

ऑडिटच्या आदल्या रात्री लिहिलेलं डॉक्युमेंटेशन कसं असतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. फॉरमॅट अचूक, आत शून्य. कारण लिहिणाऱ्याला ते वापरायचं नसतं.

मग काय, शहरातल्या पोरांनी वीकांताला पक्षी बघूच नयेत का? बघावेत, जरूर बघावेत. गोडी तिथूनच लागते. पण दर वीकांताला नवीन जंगल, नवीन लेन्स आणि घराशेजारची टेकडी मात्र 'विकासासाठी मोकळी जागा', हे काही बरोबर नाही. ताडोबाचा वाघ तुमच्या मतावर अवलंबून नाही हो. तुमच्या वॉर्डातला ओढा मात्र नक्की आहे.

म्हणून एक साधा उद्योग सुचवतो. चार-पाच शेजारी जमवा, त्यात एखादे जुने आजोबा आणि एखादी रोज टेकडीवर जाणारी मावशी हवीच. एकच ओढा किंवा एकच टेकडी घ्या आणि बारा महिने तिथेच जा. पाणी कधी आटतं, कुठला पक्षी कधी येतो, राडारोडा कोण टाकतं, सगळं तारखेसकट लिहा. मग महापालिकेची नोंदवही मागवा आणि आपल्या विद्याशी ताडून बघा. शहराचा विकास आराखडा निघाला की हरकती-सूचना मागवतात, तेव्हा हीच वही टेबलावर ठेवा. तिथे 'निसर्ग वाचवा' या घोषणेला किंमत नसते. 'अमुक सर्व्हे नंबर, मे महिन्यातही वाहता झरा, हे फोटो, या तारखा' याला थोडीतरी असते.

हरण्याची शक्यता आहेच. पण हरलात तरी त्या ओढ्याला नाला म्हणणारी माणसं चार-पाचने कमी झालेली असतील. जागृती जागृती म्हणतात, ती बहुतेक हीच असावी.

असो. पुढच्या वीकांताला कुठे जायचं ते ठरवताना एकदा खिडकीतून खाली बघा.