स्टोअरहेडचा वाडा व त्याची बाग

शरद् ऋतु म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें निरभ्र आकाश, निवळलेलें नदीचें पाणी आणि कोजागरीचें चांदणें उभें राहतें. आपल्याकडील पानगळ शिशिरांतली. विलायतेंत मात्र शरद् हाच पानगळीचा काळ होय. दिवस लहान होऊन गारठा पडूं लागला म्हणजे पानांतील हिरवें द्रव्य ओसरतें, त्याखालीं झांकलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि कित्येक झाडांत तांबडा रंग नव्यानें तयार होतो. या दिवसांत तेथील लोक मुलांबाळांसह जुन्या जमीनदारी वाड्यांच्या बागा पाहावयास जातात. वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज तिकडे आहेत. त्यांच्याकडे जाण्याचा योग आल्यास उपयोगीं पडावा म्हणून अशा एका स्थळाचा परिचय येथें करून देतों.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, विल्टशर परगण्यांत, स्टोअरहेड हें ठिकाण आहे. होअर घराण्याची लंडनमधील पेढी १६७२ सालीं निघाली व ती आजही चालू आहे. या घराण्यानें १७२१ पासून पुढील कांहीं वर्षांत येथें वाडा बांधला. पुढें हेन्री होअर (१७०५–१७८५) यानें दरींतील पाण्यास बांध घालून तलाव केला, कांठावर रोमन धर्तीचीं मंदिरें उभारलीं आणि उतारांवर झाडें लावलीं. ही बाग एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहीं. तलावाभोंवतीं फिरतांना वळणावळणावर नवा देखावा समोर येतो: कोठें पांच कमानींचा पूल, कोठें घुमटाचें मंदिर, आणि वारा पडलेला असेल तर पाण्यांत उलटें उभें राहिलेलें सारें रंगीत रान. ही प्रदक्षिणा मात्र आपल्या रीतीच्या उलट, तलाव डाव्या हातास ठेवून करावयाची असते.

परंतु वाड्याची खरी कथा वारशाची आहे. हेन्रीचे पुत्र त्याच्या हयातींतच वारले, व इस्टेट रिचर्ड कोल्ट होअर या दौहित्राकडे गेली. त्यानें आजोबांची बाग मोडली नाहीं; तींत नवीन झाडांची भर घातली. १९०२ सालीं आग लागून वाड्याचा मधला भाग जळाला, तो तत्कालीन मालक सर हेन्री होअर यांनीं पुन्हा उभारला. त्यांचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धांत जखमी होऊन १९१७ सालीं मरण पावला.

इंग्लंडांत इस्टेट वडील मुलाकडे अखंड जात असल्यामुळें असे वाडे वांटणींत फुटत नसत. तथापि १८९४ सालीं वारशावर नवा कर बसला, पुढें युद्धें झालीं, आणि विसाव्या शतकांत असे शेंकडों वाडे पाडले गेले. सर हेन्री व त्यांच्या पत्नी अल्डा यांनीं १९४६ सालीं वाडा व बाग नॅशनल ट्रस्ट या सार्वजनिक संस्थेच्या स्वाधीन केली. पुढील वर्षीं, २५ मार्च १९४७ रोजीं, तीं उभयतां कांहीं तासांच्या अंतरानें निवर्तलीं. एक वर्ष दिरंगाई झाली असती तर पुढें काय घडलें असतें, हें कोणीं सांगावें?

पुत्रशोकांतून असें दान आपल्याकडेही घडलें आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं आपल्या बालवयांत गेलेल्या राजा या मुलाच्या नांवानें संग्रहालय उभें केलें, व १९७५ सालीं तें राज्य सरकारच्या हवालीं केलें.

आपल्या घरांतून वाड्याचा विषय निघाला कीं बहुधा हिश्शांचा विषय निघतो. हिस्सा मागणें हा अन्याय नव्हे. ज्याचें त्यास मिळालेंच पाहिजे. परंतु देवघर, माजघरांतील जुनीं भांडीं, पणजोबांच्या पोथ्या, परसांतील आंबा यांचे तुकडे पाडतां येत नाहींत. त्यांचें काय करावयाचें, हें वडील माणसांनीं शुद्धीवर व एका पंक्तीस जेवत असतांनाच ठरवून कागदावर लिहून ठेवावें. पुढची पिढी तो वाडा राखील किंवा न राखील. निदान पोथ्या रद्दींत व भांडीं मोडींत जाण्याचें तरी टळेल.