लागू पडणे आणि मानवणे

औषधाविषयी बोलताना मराठी माणूस दोन निरनिराळी क्रियापदे वापरत आला आहे. औषध 'लागू पडते' आणि औषध 'मानवते'. पहिल्याचा संबंध रोगाशी, दुसऱ्याचा रोग्याशी. लागू पडलेले औषध मानवेलच असे नाही, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आजच्या दवाखान्यातील संभाषणात मात्र बहुधा पहिलेच क्रियापद उरले आहे. 'दुखणे कमी आहे ना?' या प्रश्नाला होकार मिळाला की मागच्याच गोळ्या पुढे चालू. महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या, मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधांच्या बाबतीत हे दुसरे क्रियापद गमावणे फार महाग पडते, असे माझे मत आहे. प्रश्न वैद्यकाचा तर आहेच. पण तो भाषेच्या अभ्यासकांचाही आहे, म्हणून येथे मांडतो.

गिरणाकाठच्या आमच्या भडगावात 'नागीण' म्हटले की पुढचे कोणाला सांगावे लागत नाही. नागिणीचे तोंड आणि शेपटी एकत्र आली, विळखा पूर्ण झाला, की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. प्रत्यक्षात कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि उफाळतो तेव्हा त्या एका तंतूच्या वाटेने फोडांचा पट्टा उमटतो. तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्यामुळे पट्टा बहुधा मध्यरेषेवर थांबतो. विळखा सहसा पूर्ण होत नाही, आणि म्हणूनच 'उतरवणाऱ्या'ला यश हमखास मिळते! रूपक म्हणून नागीण अतिशय समर्थ आहे यात शंका नाही. पण फोड सुकले की तिची गोष्ट संपते आणि काहींची वेदना मात्र तेथूनच सुरू होते. सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही, आग होते, सणक येते. या उत्तरार्धासाठी लोककथेजवळ नाव नाही; त्यावरील औषधांसोबत जगण्यासाठी तर नाहीच नाही. मी स्वतः या उत्तरार्धात आहे.

ही औषधे मुळात दुसऱ्याच कामासाठी जन्मली. अमिट्रिप्टिलिन १९६१ पासून नैराश्यावर वापरात आहे. गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ मध्ये परवानगी मिळाली ती अपस्मारासाठी. वेदनेवरील त्यांचा उपयोग नंतर रूढ झाला. त्यामुळे माहिती शोधणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो नावाचाच. 'ही तर फिटची गोळी', 'ही डिप्रेशनची' असे घरात कुजबुजले जाते, आणि डॉक्टरांनी हे आधी दोन वाक्यांत सांगितले नसेल, तर गोळी गुपचूप बंद होते. ती अशी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते; झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, क्वचित झटकेही येऊ शकतात. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने.

आता 'चक्कर' हा शब्द पाहा. या औषधांवरील रुग्ण सर्वांत जास्त वेळा उच्चारतो तो हाच. पण तो तीन वेगळ्या गोष्टी गिळून बसला आहे. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे येते ती 'अंधारी'. अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधाने रक्तदाब क्षणभर उतरल्याची ती खूण असू शकते. चालताना पाय भलतीकडे पडतो तो 'तोल जाणे'. प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिनची मात्रा जास्त होत असल्यास असे घडते. आणि घर फिरल्यासारखे वाटते ती 'घेरी'. तिचे मूळ कित्येकदा कानात असते, गोळीत नसतेच. तिन्हींवरचा उपाय वेगळा. झोपेचेही तसेच. पेंग, झापड, गुंगी, ग्लानी, सुस्ती या पायऱ्या मराठीने किती बारकाईने कोरल्या आहेत! दवाखान्यात गेल्यावर या सगळ्यांचे 'झोप येते' होते. 'मग चांगलेच आहे, झोपा', असे उत्तर मला एकदा मिळाले होते. माझी तक्रार झोपेची नव्हतीच. शिकवताना नेमका शब्द ओठांवर येऊन परत फिरत होता, आणि माझ्या व्यवसायात ते पाय घसरण्याइतकेच गंभीर आहे.

या फरकाला येथे जिवाचे मोल आहे. शेतीपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात केळीला पाणी द्यायला मध्यरात्री उठावे लागते. रात्री जेवणानंतर घेतलेली गोळी तेव्हा ऐन भरात असते. अंधार, ओली सरी, विहिरीचा काठ आणि तोल जाणारा माणूस. त्यात तो मधुमेही असेल आणि मूत्रपिंडे थकलेली असतील, तर धोका आणखी वाढतो. कारण गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिन शरीराबाहेर पडतात ते जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांवाटेच. इतरांना मानवणारी मात्रा अशा माणसाच्या अंगात साचत जाते. 'रात्री उठून शेतात जाता का?' एवढे विचारले, तर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते. हा प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही.

'गोळी गरम पडली' या तक्रारीची तर हेटाळणीच होते. मला ती अत्यंत अर्थपूर्ण वाटते. नीट खोदून विचारले, तर तिच्या पोटी तोंडाला कोरड, शौचाला खडा होणे, लघवी अडखळणे अशा गोष्टी निघतात, आणि अमिट्रिप्टिलिनचे हे ओळखीचे परिणाम आहेत. रुग्ण निदान चुकीचे करत असेल. वर्णन चुकीचे करत नसतो. सब्जा आणि ताक यांवर तो भागवत राहतो. मात्र वयस्कर पुरुषाची अडखळणारी लघवी ताकावर सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये आजारावरील निबंधात भाषेच्या दारिद्र्याची तक्रार केली, आणि आपल्याकडील चर्चासत्रांतून ती अजूनही भक्तिभावाने उद्धृत होत असते. मराठीपुरती मला ती मान्य नाही. कळ, ठणका, सणक, चमक, शूळ, भगभग, मुंग्या. दारिद्र्य कुठे आहे? शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून आपण दवाखान्यात शिरतो, ही खरी अडचण. घरात अहिराणी बोलणारी बाई डॉक्टरांपुढे शाळेतली मराठी आठवते, डॉक्टर ती इंग्रजीत लिहून घेतात, आणि या दोन पायऱ्यांत तिची गुंगी आणि तिची ग्लानी एक होऊन जाते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती रुग्णांच्या तोंडच्या शब्दांची दखल घेत. त्या ७८ विशेषणांच्या गटवार यादीमुळे वेदनेचा प्रकार ओळखायला मदत झाली. तशी यादी मराठीत 'न मानवण्या'ची करता येईल. 'दुष्परिणाम' हा शब्द तिच्या शीर्षकात नको, असे मी सुचवेन; तो उच्चारताच डॉक्टरांना आरोप ऐकू येतो आणि रुग्णाला भीती.

भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. औषधाचा त्रास रुग्णाने स्वतः कळवावा यासाठी त्यांचा अर्ज आहे आणि १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य क्रमांकही आहे. त्रास स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सोय त्यात आहे. आमच्याकडे पदवीच्या विद्यार्थ्यांना बोलीचे शब्द गोळा करण्याचे प्रकल्प देतात. शेतीची अवजारे, दागिने, लग्नातले विधी यांच्या वह्या दरवर्षी भरतात. एखाद्या वर्षी हीच मुले औषधांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसवावीत. गोळ्या घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला त्यांनी एवढेच विचारावे: बाबा, मानवतात का?