बाजारपेठ दाखविली, व्यापारी विसरले

आशुतोष गोवारीकर यांचा ‘मोहेंजो दारो’ १२ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला. शंभर कोटींहून अधिक खर्च, भुजजवळ उभारलेली भव्य नगरी, ए. आर. रहमान यांचे संगीत, पुरातत्त्वज्ञांचा सल्ला. एवढे भांडवल घालूनही व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. अनेकांनी खापर वेशभूषेवर फोडले. मला कारण निराळे वाटते.

कथानायक सरमन हा आमरी गावचा, नीळ पिकविणारा तरुण. माल घेऊन तो महानगरीत व्यापारासाठी येतो. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा असेच मारवाड-गुजरातेतून निघून कोकणात उतरले. अनोळखी पेठेत भाव कोणाला विचारावा, मापावर विश्वास ठेवावा का, उधारी वसूल होईल का, ही धास्ती त्या घरांना सांगावी लागत नाही. चित्रपट मात्र ती थोडक्यात आटोपतो आणि नायकाला प्रेमात व आखाड्यात ढकलतो. आरंभी मगरीशी झुंज, पुढे नरभक्षकांशी. जन्माचे रहस्य उलगडल्यावर तर नीळ कोठल्या कोठे जाते.

वास्तविक सिंधू संस्कृतीतील नाट्य या व्यापारातच आहे. चर्ट या कठीण दगडाची घनाकार वजने हडप्पापासून लोथलपर्यंत एकाच प्रमाणाची सापडतात. १, २, ४, ८, १६ अशी ती दुपटीने वाढत जातात. नेहमी आढळणारे वजन सुमारे १३.७ ग्रॅमचे, म्हणजे तोळ्याहून थोडे जड. लोथलला मिळालेल्या मातीच्या मुद्रांकनांच्या पाठीवर गाठोड्याच्या दोरीचे वळ उमटलेले आहेत. आयुष्य बँकेत शिक्के पडताळण्यात गेल्यामुळे असेल, पण त्या एका वळापुढे मला ती मगर फिकी वाटते.

गोवारीकरांना हे साधत नाही असेही नव्हे. ‘लगान’मध्येही वाढीव कराचाच प्रश्न होता, परंतु अकरा खेळाडूंतील प्रत्येकाची त्यांनी सावकाश ओळख करून दिली, म्हणून कचराने चेंडू हाती घेतला की आपला श्वास अडकतो. येथे महम कर वाढवितो, तेव्हा तो भरणार कोण, हेच आपल्याला ठाऊक नसते.

अखेरीस धरण फुटते आणि संगणकाने रचलेला प्रलय नगर गिळतो. प्रदर्शनाच्या दहाच दिवस आधी, २ ऑगस्टच्या रात्री, महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल महापुरात कोसळला होता. दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. महाड-पोलादपूरपासून कापड्यापर्यंत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. निर्मात्यांना याची कल्पना असणे शक्य नव्हते, हे खरे. पण नदी माणसे नेते म्हणजे काय, हे नुकतेच कळलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरचे ते उंच पाणी कोरडेच वाटणार.

पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाडची बाजारपेठ बुडाली. पाणी दुकानात शिरताना आधी काय उचलावे? खातेवही, गल्ला, की शेजारच्या एकट्या आजींना? पूर ओसरल्यावर चिखलातला माल कोणत्या भावाने धरावा? एवढ्या दोन प्रश्नांवर अडीच तासांचा चित्रपट उभा राहिला असता. सरमनच्या नावांच्या पुलावरून हजारो माणसे पलीकडे जातात. त्यांतील एकाच्याही हाती आपला तराजू असल्याचे मला स्मरत नाही.