दम्याच्या केसपेपरवर पाळीची तारीख

दम्याचा रुग्ण समोर बसला की केसपेपरवर धूळ, धूर, विडी, घरातली जनावरे, आईवडिलांचा दमा असे सगळे लिहिले जाते. रुग्ण बाई असेल, तर शेवटची पाळी कधी आली याची नोंद मात्र त्या कागदावर क्वचितच सापडते. तो प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाचा, अशी वाटणी वैद्यकीय व्यवसायाने परस्पर करून टाकली आहे. या वाटणीला शरीरशास्त्राचा आधार नाही.

दमा वयानुसार बाजू बदलतो. लहानपणी घरघर, धाप आणि दवाखान्यात भरती होण्यात मुलगे पुढे असतात. वयात येताना दोघांतले अंतर मिटते आणि पुढे स्त्रियांचे पारडे जड होत जाते. स्कोबेलॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागातल्या रुग्णालयांची आकडेवारी प्रसिद्ध केली. दहा वर्षांपर्यंतच्या वयात दम्याने भरती झालेले मुलगे मुलींच्या जवळपास दुप्पट होते. वीस ते पन्नास या वयात स्त्रियांची भरती पुरुषांच्या जवळपास तिप्पट होती. हा आकडा तिथला आणि तेव्हाचा. पण वयात आल्यावर होणारी ही उलथापालथ पुढे देशोदेशी दिसली.

कारणे दोन पातळ्यांवर आहेत. पहिले रचनेचे. लहान मुलग्यांच्या श्वासनलिका फुफ्फुसांच्या मानाने अरुंद असतात; वाढीच्या वयात त्या रुंदावतात आणि अनेकांचा त्रास ओसरतो. उलट, सारख्याच आकाराची फुफ्फुसे असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांची तुलना केली, तर मोठ्या श्वासनलिका स्त्रियांच्या अरुंद भरतात. नळी मुळातच बारीक असेल, तर थोडी सूजही पुरते. दुसरे कारण संप्रेरकांचे. २०१७ मध्ये दोन स्वतंत्र संशोधन गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके फुफ्फुसातल्या ‘आयएलसी-२’ या पेशींना आवर घालतात. ॲलर्जीची सूज पेटवण्यात याच पेशींचा मोठा हात असतो. स्त्रियांत हा लगाम सैल असतो, शिवाय इस्ट्रोजेन मास्ट पेशींना चेतवते. म्हणून इस्ट्रोजेनलाच खलनायक ठरवण्याचा मोह होतो. पण पाळीच्या तोंडावर ते उतरलेले असते आणि नेमका तेव्हाच कित्येकींचा दमा बळावतो. पातळीइतकाच तिचा चढउतारही महत्त्वाचा दिसतो. हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. दवाखान्याला मात्र त्याच्या उत्तरासाठी थांबता येत नाही.

पाळीआधी वाढणाऱ्या दम्याची नोंद नवी नाही. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्येच पाळीपूर्व तक्रारींवरच्या लेखात तिचा उल्लेख केला होता. ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेच्या मते दमेकरी स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के जणींचा त्रास पाळीआधी वाढतो. यात वय जास्त, वजन जास्त आणि दमा जुना व तीव्र असलेल्यांचा भरणा अधिक. पाथर्डी किंवा कर्जतच्या ओपीडीत ही तक्रार आपणहून कुणी सांगत नाही. ‘महिना आला की छाती भरते का?’ असे विचारले, तरच उत्तर मिळते. आणि सासू शेजारी बसलेली असेल, तर तेही मिळेलच असे नाही.

इथे एक व्यावहारिक गफलत घडते. त्याच चार दिवसांत पोटदुखीसाठी मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले जाते. ॲस्पिरिनच्या वर्गातल्या या वेदनाशामकांनी काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो, आणि असे रुग्ण स्त्रियांत अधिक. मग झटका पाळीने आला की गोळीने? मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीचे नाव विचारल्याशिवाय हे कळणार नाही. पीक फ्लोची वही अशा रुग्णाला आठवडाभरासाठी देऊन उपयोग नाही. निदान सलग दोन पाळ्या तरी ती भरली जावी. आणि आकडे वाचताना तक्ता स्त्रियांचाच वापरावा. त्याच उंचीच्या पुरुषाचा तक्ता लावला, तर ठणठणीत बाईही आजारी ठरते.

गरोदरपणाचा हिशेब पाठ्यपुस्तकात सुटसुटीत आहे: साधारण एक तृतीयांश जणींचा दमा सुधारतो, एक तृतीयांश जणींचा बिघडतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. प्रत्यक्षात ‘पंप बाळाला बाधतो’ म्हणून घरचे लोक दिवस राहिल्याबरोबर इनहेलर कपाटात ठेवतात, आणि कधी कधी डॉक्टरही त्याला मूक संमती देतात. धोका आहे तो आटोक्यात नसलेल्या दम्यापासून. आईचा रक्तदाब, अपुरे दिवस आणि बाळाचे कमी वजन या सगळ्यांची जोखीम त्याने वाढते. श्वासातून घेण्याच्या स्टेरॉइडांपैकी ब्युडेसोनाइडच्या गरोदरपणातील सुरक्षिततेची माहिती भरपूर उपलब्ध आहे. इनहेलर चालू ठेवायचा, हे पहिल्याच तपासणीत नवरा आणि सासू दोघांसमोर स्पष्ट सांगितले पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रकरण याच्या पुढचे आहे. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांवर बीडकडून कोयते, म्हणजे ऊसतोडणीची जोडपी, येतात, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली माणसे स्वतःही तोडीला बाहेर पडतात. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा परवडत नाही, पाळीची अडचण नको, ही त्यामागची सांगितली गेलेली कारणे सर्वांना ठाऊक आहेत. छातीच्या बाजूने त्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. शस्त्रक्रियेत बीजकोशही निघाले, तर पाळी जाण्याचे वय एका दिवसात गाठले जाते. ते राहिले, तरी त्यांचे काम लवकर मंदावू शकते. उत्तर युरोपातील स्त्रियांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळी जाण्याच्या काळात दमा नव्याने सुरू होण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. त्या तिथल्या बायका. त्यांना ना कोपीतली चूल, ना पेटत्या पाचटाचा धूर. म्हणून तोडणीवरून आलेल्या चाळिशीच्या आतल्या बाईला धाप लागत असेल, तर ‘पिशवी काढली आहे का, कधी, अंडाशयासकट का’ हे विचारणे चौकशीचा भाग मानले पाहिजे.

धुराची गोष्ट जीवशास्त्राला जोडूनच येते. विनोद मिश्रा यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या माहितीवरून २००३ मध्ये दाखवले, की लाकूड-शेणीच्या चुलीचा दम्याशी असलेला संबंध साठीपुढच्या पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक ठळक आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस घरोघर पोचला खरा, पण आंघोळीचे पाणी अजून अंगणातल्या चुलीवरच तापते आणि मिश्री तव्यावरच भाजली जाते. ‘स्वयंपाक गॅसवर का?’ याला ‘हो’ असे उत्तर मिळाले, की चौकशी संपवू नये.

पुरुषांच्या वाट्याला वेगळी चूक येते. विडी ओढणारा पन्नाशीचा माणूस धापत आला, की तपासणीआधीच तो सीओपीडीचा ठरतो. धुरात आयुष्य काढलेली बाई त्याच लक्षणांनी आली, की दम्याची किंवा ‘टेन्शनची’. चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील डॉक्टरांना एकच काल्पनिक केस दिली, फक्त रुग्णाचे लिंग बदलून. पुरुषाला सीओपीडीचे निदान अधिक वेळा मिळाले. स्पायरोमेट्रीचा निकाल दाखवल्यावर फरक कमी झाला. यंत्राला पूर्वग्रह नसतो. निदान चुकले, की सीओपीडी ठरलेल्या दमेकरी पुरुषाला इनहेलरमधले स्टेरॉइडच मिळत नाही, आणि बाईला दर पंधरा दिवसांनी डेरिफायलिन-डेक्साचे इंजेक्शन मिळत राहते. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांवर त्या डेक्साचा परिणाम काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

उपचारांचा पाया दोघांसाठी एकच आहे. २०१९ पासून ‘जीना’ने नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळणे बाद केले, स्टेरॉइड इनहेलर हवाच. पाळीआधी बिघडणाऱ्यांना त्याच्या जोडीला माँटेलुकास्टच्या वर्गातली औषधे किंवा गर्भनिरोधक गोळ्या उपयोगी पडू शकतात, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन करावा लागेल.

जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दवाखान्यात न सांगितलेली पाळीची गोष्ट गावातल्या बाईजवळ सांगितली जाते, हा त्या कामाचा अनुभव दम्यालाही लागू आहे. आशाताईच्या हाती पीक फ्लो मीटर आणि एक वही देता येईल. डॉक्टरांनी आपल्या बाजूने एवढे करावे: येत्या गळीत हंगामाआधी दम्याच्या केसपेपरवर पाळीची तारीख, गरोदरपण, पिशवीची शस्त्रक्रिया आणि पोटदुखीची गोळी असे चार रकाने छापून घ्यावेत, आणि हंगाम संपल्यावर त्यात काय भरले गेले ते या मासिकाकडे पाठवावे.