फायरवॉल बंद करू नका, तिची गाठ सोडवा

फोपनार, शहापूर, बुऱ्हाणपूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी किंवा ऑनलाइन सेंटरवर एकाच वाय-फायवर दोन कॉम्प्युटर चालतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकावर स्कॅन केलेला खसरा दुसऱ्यावर उघडायचा असतो, प्रिंटर एकच असतो, आणि नेमकं गिऱ्हाईक समोर उभं असताना स्क्रीनवर ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ येतं. मग कुणाला तरी फोन जातो आणि ठरलेला सल्ला मिळतो: फायरवॉल ऑफ करून टाका. काम होतं, गिऱ्हाईक जातं. फायरवॉल मात्र तशीच बंद पडून राहते.

ती बंद ठेवू नका, एवढंच माझं सांगणं आहे. कुलूप अडकतं म्हणून कुणी दरवाजा उचकटून ठेवत नाही.

विंडोजचं फाइल शेअरिंग 445 नंबरच्या पोर्टवरून चालतं. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच वाटेने जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, 14 मार्चलाच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या आला. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. एका मशीनमध्ये शिरला की नॉटपेट्या शेअरिंगच्या वाटेने आणि चोरलेल्या पासवर्डने शेजारच्या मशीनवर जायचा. घरचा राउटर बाहेरून येणाऱ्याला बहुतेक वेळा अडवतो, पण गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून आत आलेल्याला तो कसा अडवणार? त्याला शेजारच्या मशीनवर जाण्यापासून अडवायला प्रत्येक मशीनची फायरवॉल कामाला येते. आणि सेंटरवाल्याच्या मशीनमध्ये कागद असतात ते लोकांचे: आधार, समग्र आयडी, पासबुक.

आता दुरुस्ती. आधी दोन्ही मशीन खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघा. लाइट गेली की लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातो आणि लाइट आल्यावरही तिथेच चिकटून बसतो. काळ्या खिडकीत म्हणजे सीएमडीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. एकाचा पत्ता 192.168.1 ने आणि दुसऱ्याचा 192.168.0 ने सुरू होत असेल, तर बहुधा घरात दोन राउटर दोन वेगळी नेटवर्क चालवत आहेत. एक मशीन गेस्ट वाय-फायवर असेल तरीही ती एकमेकांना दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ पुढच्या एका खुणेत असतो. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असतं आणि नव्या नेटवर्कला ते सहसा ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे बसस्टँडवरचं वाय-फाय समजून शेअरिंग अडवतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दोन्ही मशीनवर ‘प्रायव्हेट’ निवडा. मग शेअरिंगच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. लॉज किंवा हॉटेलात मात्र पब्लिकच राहू द्या.

मशीन दिसतं, पण पासवर्ड मागतं आणि घेत नाही? तुम्ही चार आकडी पिन टाकत असाल. पिन त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो, तोही ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथल्या खात्याचा. तो आठवत नसेल तर त्या मशीनवर शेअरिंगपुरतं वेगळं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या मशीनवर तेच नाव आणि तोच पासवर्ड टाका. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करणं हा उपाय नव्हे. विंडोज 11 प्रोची 24एच2 आवृत्ती तर दुसऱ्या मशीनवर बिनपासवर्डाचा पाहुणा म्हणून जायलाच सहसा नकार देते.

एवढं करूनही अडलं तर फायरवॉलची परीक्षा घ्या, पण रीतसर. राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा, फायरवॉल दोन मिनिटं बंद करा, फोल्डर उघडून बघा, लगेच फायरवॉल चालू करा आणि मगच वायर लावा. तेवढ्या वेळात फोल्डर उघडला असेल तर चोर सापडला. फायरवॉलच्या ‘अलाऊ ॲन ॲप’मध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ शोधून फक्त प्रायव्हेटच्या चौकटीत टिक करा. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर ही परवानगी तिथे द्यावी लागते. हे लोक हमखास विसरतात. मुदत संपलेला अँटिव्हायरस एक तर रिन्यू करा, नाही तर पूर्ण काढून टाका, म्हणजे विंडोजची स्वतःची राखण सुरू होते.

कुणी ‘एसएमबी 1’ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा म्हणालं तर सरळ नाही म्हणा. वॉनाक्राय आत शिरला तो त्याच जुन्या पद्धतीतून. विंडोज 7 च्या मशीनलाही ते लागत नाही, एक्सपीला लागतं, आणि एक्सपी आता नेटवर्कवर असूच नये. विंडोज 7 चे नेहमीचे मोफत अपडेट जानेवारी 2020 मध्ये आणि विंडोज 10 चे ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, तेव्हा मशीन बदलताना याचाही हिशोब धरा.

अख्खा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’च्या नावाने शेअर करू नका. एक फोल्डर काढा, लागेल तेवढं त्यात ठेवा, काम झालं की रिकामा करा. आणि सेंटरवर आलेल्या कुणी वाय-फायचा पासवर्ड मागितला तर कॉम्प्युटरच्या वाय-फायचा देऊ नका. बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, त्याचा द्या.