शिशम आणि शिसवी : नावातील साम्य, निर्यातीची अडचण

नवी दिल्ली : मराठी घरांतील जुना शिसवी पलंग आणि सहारनपूरच्या कारागिराने कोरलेले शिशमचे मेज दिसायला जवळची वाटली, तरी ती दोन वेगळ्या झाडांची आहेत. शिसव प्रामुख्याने दक्षिण व पश्चिम भारतातील जंगलांत अतिशय सावकाश वाढतो आणि आता दुर्मीळ होत चालला आहे. शिशम मात्र उत्तरेत नदीकाठी आपसूक उगवतो. शेताच्या बांधावर, कालव्यांच्या कडेला मुद्दाम लावलाही जातो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही डालबर्जिया या एकाच प्रजातीतल्या जाती. उत्तर भारतातील फर्निचर उद्योगाची अडचण नेमकी येथूनच सुरू झाली.

चीनमधील रोझवुडच्या मागणीपोटी मादागास्कर, आफ्रिका आणि आग्नेय आशियात बेसुमार तोड झाली. त्याला आळा घालण्यासाठी 2016 मध्ये जोहान्सबर्ग येथील ‘साइट्स’ परिषदेने संपूर्ण डालबर्जिया प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात घातली आणि जानेवारी 2017 पासून तिच्या व्यापाराला परवाना आवश्यक ठरला. रंधून, पॉलिश करून तयार झालेल्या वस्तूवरून जात ओळखणे सीमाशुल्क अधिकाऱ्याला जवळपास अशक्य असते, हा त्यामागील युक्तिवाद चुकीचा नव्हता. परंतु दुर्मीळ जातींच्या रक्षणाची किंमत विपुल असलेल्या शिशमला मोजावी लागली. शिशम यादीतून वगळावा, हा भारताचा प्रस्ताव 2019 मधील जिनिव्हा परिषदेत मान्य झाला नाही.

केंद्र सरकारच्या अंदाजानुसार, या निर्बंधांपूर्वी वर्षाला सुमारे 1,000 कोटी रुपयांची असलेली शिशम वस्तूंची निर्यात 500 ते 600 कोटींवर आली आणि सुमारे 50,000 कारागिरांच्या उपजीविकेवर परिणाम झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामा परिषदेत अंशतः दिलासा मिळाला. 10 किलोची मर्यादा संपूर्ण मालाला न लावता प्रत्येक वस्तूला लावावी आणि त्यात केवळ लाकडाचे वजन धरावे, पितळी पट्ट्या वा लोखंडी पायांचे नव्हे, असे स्पष्ट झाले. चौकटी, तबके, लहान चौरंग यांचा मार्ग मोकळा झाला. पलंग किंवा जेवणाचे मेज मात्र या मर्यादेत बसणे अवघडच. त्यांच्यासाठी हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेच्या ‘वृक्ष’ प्रमाणपत्रासारखी कागदपत्रे लागतात.

दरम्यान, जोधपूरच्या अनेक कारखान्यांनी आंब्याच्या लाकडाचा आधार घेतला. फळे देणे थांबलेली झाडे तोडूनच ते मिळते, म्हणून परदेशी ग्राहकाला ते पटवून देणे सोपे जाते. मात्र ते शिशमइतके टिकाऊ नाही. नीट वाळवले नाही आणि किडीविरुद्ध प्रक्रिया केली नाही, तर ते वाकते, पोखरले जाते. हा जादा खर्च मोठा कारखाना सोसू शकतो, गल्लीतला कारागीर नाही.

पुढील अडथळा युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमाचा. 2023 मध्ये संमत झालेल्या या नियमाची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली असली, तरी लाकूड ज्या जमिनीवर तोडले गेले तिचे भौगोलिक स्थान सांगणे त्यात बंधनकारक आहे. शिशम येतो तो बऱ्याचदा बांधावरची दोन-चार झाडे विकणाऱ्या शेतकऱ्याकडून, मध्यस्थ आणि आरागिरणीमार्गे. गिरणीत सारे ओंडके एकत्र होतात. केंद्राने जून 2025 मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियम जारी केले. त्यांत झाडांची संख्या व जागा ऑनलाइन नोंदवण्याची तरतूद आहे. ते स्वीकारणे मात्र राज्यांच्या हाती आहे.